चेहऱ्याला वीस

१

दुपारची जेवणं उरकली, भांडी विसळून झाली, की छकू आईच्या खोलीत अंधार करायला घ्यायची.

अंधार करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. खिडकी लावली, पडदा ओढला की झाला अंधार, असं आपल्याला वाटतं. पण ती डोळ्यांची समजूत. फिल्म इतक्या सहजी फसत नाही. म्हणून खिडकीच्या काचांना आधी काळा कागद, त्यावर जाड काळं कापड, कापडाच्या कडांना चिकटपट्टी. दाराखालच्या फटीत गुंडाळी केलेलं पांघरूण. कपाटाच्या आरशावर चादर. घड्याळाचे चमकणारे काटे, चार्जरचा हिरवा ठिपका, सगळं झाकायचं. मग दिवा मालवून दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. तेवढ्यात डोळ्यांना काहीही दिसलं, तर कुठेतरी फट राहिली असं समजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. हे सगळं होईतो दोन वाजायचे.

त्यानंतर ती तिवईवरच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याचं शटर उघडायची आणि ते चाळीस-चाळीस मिनिटं तसंच उघडं ठेवायची. अंगात काळे कपडे, पायात काळे मोजे, हातात बोटाएवढी टॉर्च. कॅमेऱ्यासमोरच्या अंधारात फिरत ती एकेका वस्तूवर उजेडाचा हात फिरवायची. भिंत रंगवतात तशी खोली रंगवायची, फक्त रंगाऐवजी उजेडाने. जिथे उजेड पडला ते फोटोत येणार, जिथे पडला नाही ते फोटोपुरतं जगात नाहीच. ती स्वतः अख्खा वेळ कॅमेऱ्यासमोर वावरत असूनही फोटोत कधी यायची नाही, कारण तिच्या अंगावर उजेड पडायचा नाही. हे लोकांना समजावून सांगणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. पोटासाठी ती कंपन्यांच्या मालाचे फोटो काढायची, आणि बावीस वर्षं उरलेला सगळा जीव या अंधारात ओतत आली होती.

प्रत्येक वस्तूला किती वेळ उजेड द्यायचा ते ठरलेलं असायचं. घड्याळ दिसत नाही, तेव्हा मोजायचं तोंडाने. वहीत लिहिलेलं असायचं: किटलीला चार, खुर्चीच्या पाठीला आठ, शालीला दहा, आईच्या हातांना बारा. छकू मोठ्याने मोजत खोलीभर फिरायची आणि आई खुर्चीत बसून ऐकायची.

आईसारखं फोटोला बसणारं माणूस तिला दुसरं मिळालं नसतं. बाकीचे लोक पाच मिनिटांत चुळबुळायला लागतात, कुणी घाबरतं, कुणाला हसू फुटतं. आईची दृष्टी नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूने गेली होती. तिला अंधाराचं काय कौतुक? "दर वेळी तुझ्याच पायाला स्टूल लागतं," ती म्हणायची. "मला विचारत जा, मी रस्ता सांगते." सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला छकू म्हणणारं हे एकच माणूस आता जगात उरलं होतं.

अडत होतं ते चेहऱ्यापाशी. आईची मान सारखी बारीक हलायची. वयाची थरथर, हातांनी खुर्ची घट्ट धरली की हात थांबायचे, मान थांबायची नाही. चेहरा नीट यायला वीस आकडे लागतात आणि वीस आकड्यांत तो पुसून जायचा. आतापर्यंतच्या अकराही फोटोंच्या पानावर 'चेहऱ्याला वीस' लिहून खोडलेलं होतं. अकराही फोटोंत खुर्ची होती, शाल होती, शिरा उठलेले ते सुंदर हात होते, आणि शालीच्या वर नुसता काळोख. एका जाणकाराने त्यात फार खोल अर्थ शोधला. अर्थ कसला डोंबलाचा, मान हलत होती.

डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की हृदय थकलंय, चांगले जातील ते दिवस आपले. तेव्हापासून छकूला एकच ध्यास लागला होता. आई आहे तोवर तिचा चेहरा एकदा, एकदाच, या उजेडात धरून ठेवायचा.

२

बारावा फोटो धुऊन आला तेव्हा लॅबवाल्या काकांनी तिला बोलावून घेतलं. काका एकोणीस वर्षं तिच्या फिल्म धूत होते, तिचे प्रिंट काढत होते. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे त्यातलं निम्मं कुरकुरीचं असायचं.

"ताई, या वेळी जोडीला कोणाला घेतलं होतंत?"

"कोणाला घेणार? मी आणि आई."

"मग हा हात कोणाचा?"

त्यांनी प्रिंट टेबलावर सरकवला. खुर्ची, शाल, हात. शेजारच्या लहान टेबलावर आईची गरम पाण्याची स्टीलची किटली. तिच्या उजव्या अंगावर छकूने दिलेला उजेड होता, मोजून चार. आणि डाव्या अंगावरही उजेड होता.

"तुम्ही टॉर्च उचलताना मनगट वळवता," काका म्हणाले. "म्हणून तुमच्या उजेडाला शेवटी बारीकशी शेपटी राहते. मी कुठेही ओळखीन. या डावीकडच्याला शेपटी नाहीये. कुठे सुरू झाला, कुठे संपला, काहीच कळत नाही. माझ्या आयुष्यात मी इतका स्वच्छ हात बघितलेला नाही."

छकूने भिंग लावून पाहिलं. काका म्हणत होते ते खरं होतं. किटलीच्या पोटावर तो उजेड असा बसला होता, की धातूची गोलाई हाताला लागेल असं वाटावं. बावीस वर्षं तिला जे साधायचं होतं, ते कुणीतरी किटलीवर सहज करून ठेवलं होतं. तिला आधी वाटला तो मत्सर, हे सांगायला हवं. भीती नंतर आली, जिन्यावर.

टेबल भिंतीला लागून होतं. किटलीची डावी बाजू भिंतीकडची. भिंत आणि किटली यांच्यात फार तर चार बोटांचं अंतर.

घरी जाऊन तिने सगळं तपासलं. आरशावरची चादर जागच्या जागी होती. चिकटपट्टी कुठे सुटली नव्हती. तिने दिवा मालवला आणि दहाऐवजी वीस मिनिटं उभी राहिली. काही दिसलं नाही. तरी परावर्तन असणार, ती स्वतःला म्हणाली. टॉर्चचा उजेड कशावरून तरी उडाला असेल. कशावरून, ते तिला सांगता आलं नसतं, पण रात्री झोप लागण्यापुरतं ते पुरलं.

३

तेराव्या फोटोच्या दुपारी सगळं नेहमीसारखं झालं. छकूने शटर बंद केलं, दिवा लावला, खिडकीवरचं कापड काढायला घेतलं. आई खुर्चीतून उठली नाही.

"आज माझ्या मागे कोण होतं गं?"

"तुझ्या मागे भिंत आहे, आई."

"भिंत मला माहीत आहे. रोज टेकते मी तिला." आईने शाल गळ्याशी आवळली. "तू कपाटापाशी होतीस, सहा-सात असं काहीतरी मोजत होतीस. ते नाही विचारत मी."

"मग?"

आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र लावून दिवसाला पाचशे माणसं जोडायची. आवाज निघायच्या आधी, नुसत्या घसा खाकरण्यावरून ती माणूस ओळखायची, आणि म्हातारपणी तेवढाच एक अभिमान तिने शिल्लक ठेवला होता.

"फोन उचलून कुणी गप्प राहिलं ना, तरी आम्हाला कळायचं," ती म्हणाली. "लाईन बंद असली की शांतता मेलेली असते. उघडी असली की ती वेगळी लागते कानाला. पलीकडे माणूस बोलत नाही, पण आहे. आज माझ्या मानेमागे लाईन उघडी होती."

"श्वास ऐकू आला का तुला?"

"नाही ना. श्वास ऐकू आला असता तर मी एवढी घाबरले असते का?"

छकूने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि डॉक्टरांना फोन केला. कानांत असं काही होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले, या वयात रक्त कमी पोहोचतं. छकूने ते आईला सांगितलं. "हो का?" आई म्हणाली. "डॉक्टरांना म्हणावं, फोनमधल्या तुमच्या आवाजावरून तुमचंच पोट बिघडलेलं दिसतंय." दोघी हसल्या. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात कपाटाची आतली कड उजळलेली होती, आणि आईच्या शालीची मागची किनार, अगदी मानेजवळची. दोन्ही ठिकाणी छकूने टॉर्च नेली नव्हती. काकांनी या वेळी प्रिंट कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवला.

४

दोन दिवसांनी सकाळी आईसाठी पाणी भरताना तिला किटली मळलेली वाटली.

तिने ती घासली. मग लिंबू आणि मीठ लावून पुन्हा घासली. उजवी बाजू लखलखीत झाली, खिडकी त्यात वाकडी होऊन दिसायला लागली. डावी बाजू तशीच राहिली. ती काळी पडली नव्हती. बोटाला गुळगुळीत लागत होती, हवी तितकी थंड लागत होती. फक्त सकाळच्या नऊच्या उन्हात तेवढाच भाग संध्याकाळी असावा तसा दिसत होता.

छकूने टॉर्च आणली. उजेड टेबलावर पडला, किटलीची सावली भिंतीवर पडली, आणि किटलीच्या डाव्या अंगावर काहीच झालं नाही.

मग तिने उजेड मोजायचा मीटर आणला. हा मीटर वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. त्याला माणसाची भीती, वय, अपुरी झोप यांचं काही देणंघेणं नसतं. टेबलावर धरला तर काटा निम्म्यावर गेला. किटलीच्या उजव्या बाजूला त्याहून वर. डाव्या बाजूला धरला तर काटा जागचा हलला नाही. तिने सेल बदलले. पुन्हा धरला. मग आईच्या खोलीत जाऊन कपाटाच्या आतल्या कडेला धरला, आणि नंतर आई बाथरूममध्ये असताना खुर्चीवरच्या शालीच्या किनारीला.

जेवढं त्या हाताने रंगवलं होतं, तेवढं उजेडाला कायमचं बंद झालं होतं. असं वाक्य तिच्या मनात तयार झालं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. शिकलेली बाई आपण, भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली.

तिने किटली वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि शाल ट्रंकेच्या तळाशी. बाजारातून दोन्ही नवीन आणलं.

"जुनी कुठे गेली?" आईने नव्या किटलीच्या दांडीवर बोटं फिरवत विचारलं.

"गळायला लागली होती."

"नव्हती गळत," आई म्हणाली, पण तिने विषय वाढवला नाही.

खिडकीवरचं काळं कापड उतरलं. दोन आठवडे दुपारी त्या खोलीत ऊन येत राहिलं. छकूने साबणाच्या वड्यांचे आणि बुटांचे फोटो काढले. मात्र आई झोपली की ती ते दोन प्रिंट टेबलावर मांडून बसायची. किटलीवरचा तो उजेड बघून तिचे डोळे भरून यायचे, आणि त्या उजेडात आईचं कपाळ कसं दिसेल, हा विचार तिने मुळीच करायचा नाही असं ठरवलं होतं. रोज ठरवत होती.

५

तिसऱ्या आठवड्यात आई बाथरूमच्या दारात कोसळली. चार दिवस दवाखान्यात काढून घरी आली ती निम्मी होऊन. नव्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी छकूला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, आईला वाटीने पातळ पेज पाजताना, छकूचा हात अचानक थांबला. आईची मान हलत नव्हती. गोळ्यांनी थरथर पार गेली होती. उशीला टेकलेला तो चेहरा दगडात कोरल्यासारखा स्थिर होता. छकूला जो आनंद झाला तो इतका मोठा होता, की तिने वाटी खाली ठेवली आणि उठून उगाच खिडकी उघडली.

"मान थांबली ना माझी?" आईने मागून विचारलं.

"हो."

"मग बोल की. मनात मांडे खात नको बसू."

"तुला भीती वाटते त्या खोलीत."

"वाटते," आई म्हणाली. "पण तुला माझा चेहरा हवाय, हे मला इतके महिने ऐकू येतंय. मी गेल्यावर तू त्या बिनडोक्याच्या बाईचे फोटो घेऊन बसणार, ते मला नाही चालणार." ती दम खायला थांबली. "एकदाच बसते. पण एक ऐकायचं. ते आलं असं मला वाटलं, की मी म्हणेन दिवा लाव. म्हटलं की लावायचा. तुझी फिल्म गेली खड्ड्यात."

"लावीन."

"लगेच."

"लगेच लावीन, आई."

हे छकूने मनापासून म्हटलं होतं. खोटं बोलायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. टॉर्चचं बटण नको, भिंतीवरचा मोठा दिवाच हाताशी असावा म्हणून तिने खुर्ची सरकवून बटणाशेजारी घेतली. कॅमेऱ्याच्या आड न येता चेहऱ्यासमोर उभं राहिलं की डावा हात लांबवला तर बटण सापडावं, एवढं अंतर तिने दोनदा मोजून घेतलं.

दोन वाजता शटर उघडलं. आईचा श्वास ऐकू येत होता. छकूने भिंत रंगवली, खुर्चीची पाठ रंगवली, हातांना बारा दिले. सगळं शांत होतं. मग टॉर्च बंद करून ती चेहऱ्यासमोर आली, आणि टॉर्चच्या तोंडाला कागदाची बारीक नळी लावायला लागली. चेहऱ्यावर उजेड अगदी थोडा, अगदी जवळून द्यावा लागतो.

"छकू, डोळ्यांवर नको मारूस गं," आई म्हणाली.

छकूच्या हातातली टॉर्च बंद होती.

तिने डोळे ताणून पाहिलं. समोर मिट्ट काळोख. आईचा चेहरा कुठे आहे हेही दिसत नव्हतं. पण कपड्याची हलकीशी सळसळ झाली, लहान मूल उन्हात तोंड फिरवतं तशी आईने मान वळवली असावी.

"लागतंय डोळ्यांना," आई म्हणाली. नऊ वर्षांत डोळ्यांना काही लागतंय असं ती पहिल्यांदाच म्हणत होती. आणि मग घाईने, "दिवा लाव. छकू, दिवा लाव."

डावा हात लांबवला की बटण होतं. छकूने हात लांबवलासुद्धा. बटणाचं थंड प्लास्टिक तिच्या बोटाला लागलं. तिला किटली आठवली नाही असं कुणी समजू नये. किटली आठवली, मीटरचा न हललेला काटा आठवला, सगळं एका क्षणात आणि अगदी स्पष्ट आठवलं. त्याच क्षणी हेही आठवलं, की शटर उघडं आहे. समोर, हातभर अंतरावर, तो हात आईच्या चेहऱ्यावर फिरतो आहे. डोळ्यांना दिसत नसलं तरी फिल्मला दिसतं आहे. आता दिवा लावला तर सगळं पांढरं होऊन जाईल, आणि पुन्हा बसण्याएवढी आई उरलेली नाही.

बटणावर बोट ठेवून ती मोजायला लागली. ओठातल्या ओठात, आवाज न करता. एक. दोन. तीन.

"छकू?" आईने आठाला हाक मारली. बाराला पुन्हा एकदा, जरा हळू. त्यानंतर ती बोलली नाही.

वीस झाल्यावर छकूने आधी शटर बंद केलं. मग दिवा लावला.

आई बसलेली होती. श्वास चालू होता. नवी शाल, मांडीवरचे हात, पांढरे केस, सगळं दिव्याच्या उजेडात नीट दिसत होतं. केसांच्या खाली आणि शालीच्या वर, उजेडाकडे पाठ करून बसलेल्या माणसाचं तोंड दिसतं तसं काहीतरी होतं. आकार होता. ओठ हलले असावेत.

"झालं?" आईने विचारलं.

छकूने टेबलावरचा दिवा समोर आणला. टॉर्च लावली. खिडकीवरचं कापड ओढून फाडलं, दुपारचं ऊन आत आलं. आईच्या डोक्याची सावली मागच्या भिंतीवर ठळक उमटली. चेहऱ्यावर ऊन पडत होतं आणि चेहरा उजळत नव्हता.

६

माणूस कशालाही सरावतं म्हणतात, पण छकू सरावली नाही. घास भरवताना दोनदा तो हनुवटीला लागला. "आंधळी मी का तू?" आई म्हणाली. डॉक्टर तपासायला आले, त्यांनी आईच्या डोळ्यांत छोटी टॉर्च मारली, टॉर्च हातावर आपटली, पुन्हा मारली. "सेल गेलाय वाटतं," असं म्हणून त्यांनी ती खिशात ठेवली, आणि मग जाईपर्यंत आईकडे पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी प्रिंट मिळाला. काकांनी तो पाकिटात घालून पाकीट बंद करून ठेवलं होतं.

"कसा आलाय?" तिने विचारलं.

"असा चेहरा मी कुठेच बघितलेला नाही," काका म्हणाले. "डोळ्यांतला ठिपका मात्र घरी बघा, ताई. इथे नका बघू."

ठिपका म्हणजे काय, हे त्या दोघांना एकमेकांना सांगावं लागत नव्हतं. फोटोतल्या कुठल्याही डोळ्यात उजेडाचं प्रतिबिंब पडलेलं असतं. खिडकी असली तर चौकोन, टॉर्च असली तर टाचणीचं टोक. उजेड कुणीकडून आला, कशाचा आला, ते डोळ्यांत कळतं.

घरी येऊन तिने पाकीट उघडलं. आईच होती. पूर्ण होती. कपाळावरची उभी आठी, डाव्या भुवईतला जुना वण, ओठाच्या कोपऱ्यात कायम दडलेली थट्टा, सत्याऐंशी वर्षांचं सगळं तिथे होतं. इतका खरा चेहरा छकूने दिवसाढवळ्यादेखील पाहिला नव्हता. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि भिंग घेतलं.

डाव्या डोळ्यातला ठिपका लांबट होता. खिडकी नव्हती, टॉर्च नव्हती. उजेड कुणी हातात धरलाच नव्हता. वरच्या बाजूला कपाळाची गोलाई होती, खाली हनुवटी होती, आईच्या डोळ्यांपासून चार बोटांवर असेल इतकी जवळ. नाक, गाल, सगळं रेखीव होतं. फक्त ओठ पुसट आले होते, म्हणजे तेवढे ओठ हलत होते. चेहरा कुणाचा आहे ते ओळखू येईल असं वाटलं, तेव्हा तिने भिंग खाली ठेवलं.

"आला का गं फोटो?" आतून आईने हाक मारली. "पाकीट फाडल्याचं ऐकलं मी."

छकू प्रिंट घेऊन आत गेली आणि आईसमोर स्टुलावर बसली. खिडकी उघडी होती. दुपारचा एक वाजला होता.

"कशी दिसते मी?"

छकू मांडीवरच्या फोटोकडे बघून सांगायला लागली. कपाळ कसं आलंय, भुवईतला वण कसा आलाय, गालाची हाडं कशी वर आली आहेत. आई आपल्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत ऐकत होती; छकू सांगेल तिथे तिथे बोट नेत होती. वण आल्यावर ती म्हणाली, "तो तू पाडलास. चमच्याने. दीड वर्षांची होतीस."

"हो, माहीत आहे."

"आणि आत्ता?" आईने विचारलं. "फोटोतली नको. ही इथे बसलेय ती कशी दिसतेय?"

छकूने वर पाहिलं.

"तशीच," ती म्हणाली. "अगदी तशीच दिसतेस."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल हातात धरून चालत गेलं, चाकाची टिकटिक लांब जाईपर्यंत आईने ऐकली. मग तिने हात पुढे केला, छकूचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला.

"एक सांग," ती मायेने म्हणाली. "मी दिवा लाव म्हटलं, ते तुला ऐकू आलं नव्हतं. हो ना?"

आईने दार उघडून धरलं होतं, छकूला नुसतं आत यायचं होतं. ती आली.

"नाही गं आई. नाही आलं ऐकू."

"तरीच," आई म्हणाली. तिने गुडघ्यावर दोनदा थोपटलं. "मला आपलं वाटलं, की तुम्ही दोघी मोजत होतात. वीसपर्यंत, बरोबरीने."

हे बोलताना आईच्या चेहऱ्यावर काय होतं, ते छकूला दिसलं नाही.